चेस्टरच्या काचेवरची बाई

माझी खुर्ची कुणीतरी हलवली होती.

दोन तास फावड्यानं बर्फ उपसून मी घरासमोर गाडीपुरती जागा मोकळी केली, तिथं स्वयंपाकघरातली जुनी लाल खुर्ची मांडली आणि दूध आणायला गेले. जानेवारीतल्या शिकागोत अशी खुर्ची म्हणजे कुलूप. शेजाऱ्याशेजाऱ्यांत वीस वर्षं अबोला असेल, पण एकमेकांच्या खुर्चीला कुणी बोट लावणार नाही. मी परत आले तर खुर्ची फुटपाथवर तंगड्या वर करून पडलेली, आणि माझ्या जागेत एक निळा ट्रक!

ट्रकमधून एक उंच माणूस उतरला. वळून पलीकडचं दार उघडलं. सीटवर गोधडीत गुंडाळलेलं कुणीतरी बसलं होतं, पट्टाबिट्टा लावून. त्यानं हळूच पट्टा सोडला आणि ते गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं. मला वाटलं, आजारी म्हातारी असणार. माझा राग तिथंच जिरला.

"खुर्ची तुमची का?" तो म्हणाला.

"नाही, महापौरांची. संध्याकाळी बसायला येतात."

"माफ करा. मी इथलाच आहे, मला कळतं काय केलं ते. पण... हिला गारठा सोसत नाही."

गोधडीचा कोपरा सरकला. आत म्हातारी नव्हती. काच होती! रंगवलेली, मोठ्या खिडकीएवढी. नाणं टाकून बॉल उडवायच्या पिनबॉल मशीनच्या डोक्यावर उभी असते ती. थंडीनं तिच्या पाठीवरचा रंग तडकतो आणि पापुद्र्यांनी गळून पडतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक असतं. मी त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. भुवयांवर बर्फ, नाक लाल, आणि हात मात्र अजिबात हलत नव्हते.

"ब्लँका कुबाट इथंच राहतात ना? पिनबॉल दुरुस्त करणाऱ्या?"

"आधी खुर्ची सरळ करा. मग सांगते मी कोण ते."

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, हातातल्या काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढे आला.

"मग हिला धरा," म्हणाला, आणि काच माझ्या हातांत दिली.

त्याचं नाव कॅझ वोज्दा. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. ट्रकच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली मशीनचं धड होतं : 'हॉलिडे पिअर', सन पासष्ट, इथंच शिकागोत बनलेलं. माझी आजी त्या काळात अशाच एका कारखान्यात वायरी जोडायची, त्यामुळे त्या सालची मशीनं उघडली की मला घरी आल्यासारखं वाटतं. माझ्या गॅरेजमध्ये तेव्हा अकरा मशीनं होती, त्यातली निम्मी पाय काढून भिंतीला टेकलेली. आम्ही दोघांनी मिळून हे बारावं आत घेतलं.

"माझे बाबा हॉटेलांत फिरून मशीनं दुरुस्त करायचे," तो म्हणाला. "चेस्टर वोज्दा. ऑक्टोबरात गेले. हे मशीन एका हॉटेलातून त्यांनी घरी आणलेलं, तीस वर्षं तळघरात चादरीखाली होतं. मार्चच्या तिसऱ्या रविवारी आई ऐंशीची होतेय. काय हवं विचारलं तर म्हणाली, चेस्टरचं मशीन एकदा लावून दाखव. बाकी काही नको."

"लागेल की. दोन महिने आहेत."

"फक्त काचेला हात लावू नका. जशी आहे तशी राहू दे."

"पुसूपण नको?"

"पुसूपण नको."

"का?"

त्याचे कान लाल झाले. "अशीच," म्हणाला.

मला वाटलं, घाबरलाय बिचारा. कुणीतरी काचेवर साबणाचं पाणी मारतं, फडका फिरवतं आणि साठ वर्षांचं चित्र फडक्यावर येतं, असे किस्से या धंद्यात घरोघरी आहेत. नवख्यांना त्याची धास्ती असते. मी हसले, आणि काच भिंतीशी फळ्यांच्या खाचेत उभी करून ठेवली.

तो दर शनिवारी यायला लागला. मदतीला म्हणे! मदत कसली... मी आकड्यांच्या चकत्या धुवायची, तो त्या पुसायचा. मी सोल्डरिंग करायची, तो दिवा धरायचा. दिवा मशीनवर असायचा आणि डोळे भलतीकडे.

"उजेड इकडे हवाय," मी म्हणायची.

"इकडेच आहे."

"माझ्या कानावर आहे. कानाला सोल्डर लावायचंय का?"

"नको, कान चांगला आहे. दुरुस्तीची गरज नाही."

असं काही बोलला की सोल्डर भलत्याच जागी पडायचं. मी चौतीस वर्षांची बाई, पंधरा वर्षं एकटीनं धंदा सांभाळलेली, तोंडाला धार असलेली... आणि शुक्रवार आला की नखांतला काळा मळ ब्रशनं घासून काढायला लागले. माझं मलाच नवल वाटायचं.

उपवासाचे दिवस सुरू होण्याआधीच्या मंगळवारी तो पॉन्च्कींचं खोकं घेऊन दारात उभा. पोलिश घरांत त्या दिवशी जॅम भरलेल्या या तळलेल्या गोळ्यांवर सगळे तुटून पडतात.

"आज मंगळवार आहे," मी म्हटलं. "तू शनिवारवाला."

'तू' तोंडातून निसटलं. मी जीभ चावली. त्यानं ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही.

"शनिवारपर्यंत शिळ्या झाल्या असत्या... तू खा, मी बघतो."

"बघतो काय?"

"तुझ्या हनुवटीला जॅम लागलाय ते."

त्या दिवशी मशीन पहिल्यांदा जागं झालं. आत रिले म्हणतात ते विजेचे खटके खडखडले, मोटर गुरगुरली, चकत्या शून्यावर आल्या आणि पहिला बॉल दांड्यापाशी टपकला. तो खेळायला उभा राहिला. दोन्ही हातांनी मशीन असं गदगदा हलवलं की क्षणात सगळे दिवे गेले.

"काय झालं?"

"टिल्ट झालं. आत एक लोलक लटकतो. जास्त ढकललं की मशीन रुसतं." मी त्याच्या मागून पुढे हात घातले आणि त्याचे तळवे मशीनच्या कडांवर नीट ठेवले. "ढकलायचं असतं, पण हळू. कळेल न कळेल इतकंच."

"असं?"

"असं..."

मशीन बंद होतं. आम्ही दोघं तसेच उभे. त्याच्या कोटाला लोखंडाचा आणि साखरेचा वास येत होता. मग बाहेर कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत आली आणि मी उडी मारून लांब झाले.

मार्च लागला आणि त्याला दहा दिवसांसाठी दूर डुलुथ शहराला जावं लागलं, कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टा बसवायला. जाताना म्हणाला, "परत आलो की बोलायचंय तुझ्याशी."

"आता बोल."

"आता नाही. आईनं मशीन पाहिलं की मग."

आता इथून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण सांगते.

मशीन तयार होतं. एक एक दिवा लखलखत होता. आणि वर ती काच... मी रोज तिच्याकडे पाहायची आणि माझे हात शिवशिवायचे. चित्र सुंदर होतं : तळ्याकाठचा धक्का, झेंडे, पोहायच्या कपड्यांतली तरुण पोरं, आणि मधोमध पट्ट्यापट्ट्यांची छत्री घेतलेली एक बाई. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक 'हॉलिडे पिअर'वर ही बाई सोनेरी केसांची आहे. मी सहा पाहिलीत. या काचेवर मात्र कुणीतरी तिचे केस आणि चेहरा मागून खरवडून काढला होता आणि घरगुती रंगानं पुन्हा रंगवला होता. काळे केस, लांबुडकं नाक, ओठ एका बाजूला उचललेला, हनुवटीवर तीळ! कुणा हौशी माणसाची गिचमिड. अशी गिचमिड दिसली की आम्ही काय करतो? काढतो. जुनी अडाणी दुरुस्ती काढून मशीन कारखान्यातून निघालं तसं करायचं, हेच तर आमचं काम. ते मी लोकांना शिकवते.

तो 'हात लावू नका' म्हणाला होता. मला आठवत होतं. पण मी मनाशी म्हटलं, तो घाबरतोय म्हणून म्हणाला, माझे हात त्याला अजून माहीत नाहीत. त्याच्या आईच्या वाढदिवसाला माझ्याकडून ही भेट. खरं सांगू? आईसाठी नव्हतंच ते. त्यानं ती काच पाहावी, मग माझ्याकडे पाहावं, एवढ्यासाठी होतं.

आमच्या रिवाजाप्रमाणे आधी फोटो काढला. मग कापसाच्या काड्या द्रवात बुडवून बुडवून तो चेहरा उतरवला. पहिल्या दिवशी केस, दुसऱ्या दिवशी नाक नि डोळे. तीळ सगळ्यात शेवटी गेला, फार चिवट होता. मग ओहायोतल्या एका संग्राहकाकडून त्याच्या काचेचा मापात मापाचा फोटो मागवला आणि दुपारच्या उन्हात बसून सोनेरी बाई परत आणली. काच मागून रंगवायची म्हणजे सगळं उलटं असतं. डोळ्यातली चमक आधी, मग बुबुळ, मग पांढरं, आणि कातडी सगळ्यात शेवटी. एकदा चमक चुकली की मागून सुधारता येत नाही. माझी चुकली नाही. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तो थेट डुलुथहून गॅरेजवर आला. दाढी वाढलेली, डोळे हसरे.

"डोळे मीट," मी म्हटलं.

त्यानं मिटले. मी मशीन लावलं. काचेमागचे दिवे पेटले, सोनेरी केस झळाळले.

"उघड."

त्यानं उघडले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातलं माणूस निघून गेलं. तो काचेजवळ गेला. बोट वर नेलं, काचेला लावलं नाही. मग खूप हळू आवाजात, लहान मुलासारखं विचारलं,

"माझी आई कुठे गेली?"

मला काही कळेना. आणि मग कळलं.  

"बाबांनी रंगवली होती," तो म्हणाला. "आई त्या हॉटेलात वेट्रेस होती. लग्नाआधी. रोज सकाळी तिनं मशीनचा दिवा लावला की तिला तिचाच चेहरा दिसावा म्हणून त्यांनी... लहानपणापासून मी हेच ऐकत आलोय. बाबांकडून हे एवढंच उरलं होतं."

"कॅझ, मला—"

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नको."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले तरी असते. टोपी उचलली आणि गेला.

 अति शहाणपणा नडला होता, आणि नडला कुणाला, तर ऐंशी वर्षांच्या एका विधवेला, जिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. मग मनात चोर आला. फोटो होता माझ्याकडे! पुन्हा खरवडून तस्सा चेहरा काढता आला असता. रविवारपर्यंत... म्हातारीचे डोळे अधू असतील, तिला कळणारही नाही. ब्रश हातात घेतलासुद्धा. पण ते चेस्टरचं नसतं झालं. नवऱ्याची म्हणून माझी चित्रकला त्या बाईला दाखवायची? माझ्यानं होईना.

शनिवारी सकाळी पत्ता शोधत मी बर्निस वोज्दांच्या दारात उभी राहिले. बुटकी, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, आणि फोटो पुढे केला.

"मिसेस वोज्दा, हे होतं. हे मी पुसलं. तुमचा चेहरा मी पुसला."

त्यांनी चष्मा लावला. फोटो लांब धरला, जवळ धरला. आणि म्हणाल्या,

"ही मी नाही."

मी फोटोवर वाकले.

"ही आयलीन. माझ्याआधी तिथं वाढायची. चेस्टरनं तिच्यासाठी रंगवलं होतं. ती एका खलाशाबरोबर निघून गेली, तिच्या जागी मी लागले. माझेही केस काळे. पहिल्याच आठवड्यात चेस्टर म्हणाला, बघ, ही तू. मी बावीस वर्षांची... खरं मानलं. हे नाक बघ, आणि माझं बघ."

मी बघितलं. त्यांचं नाक बटणाएवढं होतं.

"आणि तीळ?" मी कसंबसं विचारलं.

"मला कुठं आहे? तो म्हणाला, शोभेसाठी काढला. मग त्याला बरं वाटावं म्हणून मी रोज पेन्सिलनं हनुवटीवर तीळ काढायची. तीन वर्षं! मग एका दुपारी ती आयलीन स्वतः हॉटेलात आली. हनुवटीवर तीळ. तिनं मशीनकडे पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडे पाहिलं. मी तिला चेरीची पेस्ट्री दिली. तिनं ती खाल्ली आणि गेली."

"मग?"

"मग मी तीळ काढणं बंद केलं. चेस्टरनं कधी विचारलं नाही, का बंद केलंस. म्हणजे त्यालाही समजलं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पंधरा वर्षं आला. मग कंटाळा आला. माणूस चांगला होता गं. सुरुवात तेवढी खोटी होती."

त्यांनी फोटो पालथा घातला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरू लागला होता, आणि त्यांना ते दिसलं.

"हसू नकोस. तुला हे माहीत नव्हतं. तुला वाटत होतं ती मी आहे—"

"नाही, मला वाटत होतं ती कुणीच नाही."

"ते तर त्याहून वाईट. माझ्या पोरानं नको सांगितलेलं तू केलंस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे त्याला सांगायचं नाही. बापाची ही एकच गोष्ट तो जपून आहे. शपथ घे."

मी शपथ घेतली. घेताना लक्षात आलं, आता माझी सुटका नाही. ज्या एका वाक्यानं मी सुटले असते, तेच मी देऊन बसले होते.

"आता माझं काम ऐक," बर्निस म्हणाल्या. "तिथं मला काढ. खरी मी."

"लग्नातला फोटो आहे का?"

"आहे, पण तो नको. त्यात मी वेड्यासारखी त्याच्याकडे बघून हसतेय. मला आत्ता आहे तशी काढ. वाढदिवस आठवडाभर पुढे ढकलू. ऐंशी वर्षं थांबलेय, आणखी आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

त्या आठवडाभर रोज दुपारी त्या गॅरेजमध्ये येऊन बसायच्या. कॅझ त्यांना सोडायचा, आत यायचा नाही. ट्रकमध्येच बसून राहायचा, बाहेर बर्फाचा चिखल आणि झोंबरा वारा. मी कॉफी घेऊन जायची. तो काच खाली करायचा, कप घ्यायचा, "थँक्यू" म्हणायचा, काच वर.

तिसऱ्या दिवशी मी काच वर होऊ दिली नाही. कडेवर हात ठेवला.

"शिव्या तरी दे मला."

"काय उपयोग?" तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "मला तुझा राग नाही येत, ब्लँका, तेच तर... बाबांचा हात होता त्या रंगात. तो मला कुठूनच परत मिळणार नाही."

ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. तो हात तुझ्या आईसाठी चाललाच नव्हता रे... एवढंच. एवढं बोलले असते तर तो माझा झाला असता, आणि त्याचे बाबा गेले असते. मी काचेवरून हात काढला. आत आले, तोंडावर पाणी मारलं.

बर्निस खुर्चीत बसून हे सगळं दारातून पाहत होत्या. 

मी त्यांचे केस पांढरे काढले, नाक बटणाएवढं, डोळ्यांभोवतीच्या सगळ्या सुरकुत्या. डोळ्यातली चमक पहिली काढली. ती काढताना मी त्यांना म्हटलं, "चेस्टरचा विचार करा थोडा." त्यांनी केला. मी जशी आली तशी उतरवली.

रविवारी वोज्दांच्या तळघरात वीस-पंचवीस माणसं जमली होती. सासरमाहेरचे सगळे, बशांत सॉसेज आणि पिरोगी. मी जिन्यापाशी उभी होते. मशीन जागेवर लावून द्यायचं आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं. बर्निसनी स्वतः बटण दाबलं.

सगळे चिडीचूप. तळ्याकाठचा धक्का, झेंडे, पोहायच्या कपड्यांतली तरुण पोरं, आणि त्यांच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या छत्रीखाली ऐंशी वर्षांची बर्निस वोज्दा, जगाला चांगलं ओळखून असलेली! मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं तळघर हसायला लागलं. बर्निस सगळ्यात मोठ्यानं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

कॅझ हसला नाही. तो काचेकडे बघतच राहिला. मी जिना चढू लागले.

कोट घालून मी मागच्या दाराशी पोचले तेव्हा खालून बर्निसचा आवाज आला, कॅझला हाक मारणारा. शब्द कळत नव्हते. बराच वेळ त्याच बोलत होत्या. मी जायला हवं होतं. पाय निघेनात.

मग जिन्यावर पावलं वाजली. तो वर आला, चेहरा पांढराफटक.

"आयलीन," तो म्हणाला.

मी दाराची मूठ सोडली.

"आईनं आत्ता सांगितलं. तीळ... पेन्सिल... सगळं." तो भिंतीला टेकला. "म्हणाली, मी तुझ्या बापाला पंधरा वर्षांनी माफ केलं, तू एवढा वेळ घेऊ नकोस, ही पोरगी तोवर थांबायची नाही." त्यानं हातांनी तोंड चोळलं. "मला वाटत होतं, मला बाबा माहीत आहेत."

"ते तुझ्या आईजवळच राहिले ना. पन्नास वर्षं. ते काही खोटं नव्हतं."

"तुला आठवडाभर माहीत होतं."

"हो."

"एका वाक्यात सुटली असतीस. मी तिथं ट्रकमध्ये... तू दारात येऊन उभी राहायचीस, आणि... का नाही बोललीस?"

"त्यांनी सांगितलं होतं, बोलू नको."

"मीपण सांगितलं होतं, हात लावू नको."

"म्हणून तर," मी म्हटलं. "तेव्हा ऐकलं नाही, म्हणून तर या वेळी ऐकलं."

 खाली मशीनच्या घंटा वाजत होत्या, कुणीतरी खेळायला लागलं होतं. त्यानं माझ्या कोटाचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं. हात थंडगार होते आणि आज चांगलेच थरथरत होते.

"डुलुथला जाताना म्हणालो होतो, परत आल्यावर बोलायचंय."

"हं..."

"बोलतो, ऐक."  एकदा तोंड उघडलं, मिटलं. "जाऊ नको."

खालून बर्निसनी हाक मारली, केक कापायला या म्हणून. तो हलला नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिला.

मी कोट काढून त्याच्या हातात दिला.